पुराच्या मदतीला प्रार्थनेची अट नको : मंडळीच्या सेवाकार्य समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, चिटणीस आणि सर्व सभासद,
सेवाकार्य समिती, कोल्हापूर

प्रभूच्या नावात सलाम.

उपासनेनंतर आपल्या चर्चच्या नोटीस बोर्डावर आपल्या बैठकीचे ठराव वाचले. ऊसतोड टोळ्यांसाठी चालणारा बुधवारचा दवाखाना बंद करायचा आणि त्याची रक्कम तीन दिवसांच्या सुवार्ता सभेकडे, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगणाऱ्या सभेकडे, वळवायची. यापुढे पुराच्या वेळी मदतीचं किट संदेश आणि प्रार्थना झाल्यावरच द्यायचं, सोबत नाव, मोबाइल नंबर आणि ‘निर्णय’ (म्हणजे प्रभूला स्वीकारलं का) असा रकाना असलेला फॉर्म भरून घ्यायचा. शिवाय रुग्णांच्या नातेवाइकांसाठीची आपली धर्मशाळा ‘व्यावसायिक पद्धतीने’ चालवायची. याबद्दल मी रीतसर अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. शिवाय हे ठराव ज्यांना भोगायचे आहेत ते लोक आपले सभासद नाहीत, त्यांना आपल्या बैठकीत बोलता येत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे.

मी कोण, ते आधी सांगते. मी या मंडळीची जन्मापासूनची सभासद. नर्स म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. माझी आजी बायबलबाई, म्हणजे गावोगावी बायबल सांगणारी सेविका, होती. खांद्याला कापडी पिशवी अडकवून ती आसपासच्या खेड्यांत चालत जायची. पिशवीत शुभवर्तमानाच्या प्रती असायच्या आणि गंधकाच्या मलमाची डबी. खेड्यांत तिला मलमवाली बाई म्हणत, त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. आणि त्याच ओट्यांवर बसून ती येशूची गोष्टही सांगायची, कुणाला न घाबरता. तेव्हा ‘बाई एनजीओवाल्या झाल्या, यांना सुवार्ता नको’ असं कुणी म्हणणार असेल, तर त्यांनी हे पत्र शेवटपर्यंत वाचावं.

पहिली तक्रार दवाखान्याची. ठरावात कारण दिलंय की इतक्या वर्षांच्या कामातून ‘आत्मिक फळ’ दिसलेलं नाही. समितीतले किती जण बुधवारी टोळीवर आले होते, हे मला माहीत आहे. म्हणून तिथं काय चालतं ते लिहिते.

गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या (पाचटाच्या झोपड्या) बांधतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली, मजुरी टनावर, आणि एक दिवस घरी बसलं की खाडा धरतात, म्हणजे पैसे कापतात. अशा बाईला तुम्ही दुपारी आरोग्य केंद्रात जा म्हणून कसं सांगणार? ती पहाटे फडात असते, गाडी भरून झाली की अंधारात परत येते, मग चूल पेटवते. म्हणून आपला दवाखाना संध्याकाळी, कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, गाडीच्या दिव्याच्या उजेडात. कोयता लागलेल्या जखमा, पोरांची खरूज, खोकला, आणि मुख्य म्हणजे बायकांची अंगावर काढलेली दुखणी. बाळांच्या लसीकरणाची कार्डं गावी राहिलेली असतात. ती फोनवर मागवायची, इथल्या आशाताईंशी गाठ घालून द्यायची. हे सगळं कंटाळवाणं काम आहे. यात साक्ष देण्यासारखं नाट्य नसतं.

एकदा एक बाई डोळ्याला पदर लावून आली. उसाची पात डोळ्यात गेली होती. पातीची कड करवतीसारखी, बुबुळाला चरा पडतो आणि त्यात जंतुसंसर्ग होतो. मुकादमाने गावातल्या मेडिकलमधून थेंब आणून दिले होते. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं तर त्यात स्टेरॉइड. तिला दोन दिवस बरं वाटलं होतं, कारण स्टेरॉइडने लाली उतरते, पण आत जखम वाढत जाते. बुबुळावर पांढरा ठिपका स्पष्ट दिसत होता. थेंब बंद केले, डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या तरुण संघातला एक मुलगा तिला मोटरसायकलवरून सीपीआर या सरकारी रुग्णालयात घेऊन गेला. खाडा पडला म्हणून मुकादम बोलला, त्याला आम्हीही बोललो. डोळा वाचला. तिचा बाप्तिस्मा झाला नाही. हा डोळा समितीच्या अहवालात कोणत्या रकान्यात जातो, एवढं सांगा.

लूकच्या शुभवर्तमानातले दहा कुष्ठरोगी आपण लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकलो. दहाही बरे झाले, आभार मानायला एकच परत आला. ‘बाकीचे नऊ कुठे आहेत?’ असं येशूने विचारलं खरं. पण त्या नऊ जणांचा रोग परत आला, असं लूकने लिहिलेलं नाही. दवाखाना बंद करणं म्हणजे नऊ जण आले नाहीत म्हणून दहाव्यालाही दारातून परत पाठवणं.

अध्यक्षसाहेबांचं म्हणणं मला ठाऊक आहे, ते अनेकदा बोलून दाखवतात: पोटाची आणि औषधाची सेवा सरकारही करतं, सुवार्ता मात्र आपणच सांगू शकतो. या म्हणण्यात वजन आहे. अर्धं मला मान्यही आहे. नुसती औषधं वाटणारी मंडळी हळूहळू औषधंच वाटत राहते आणि आपण हे का करतो याचा तिला विसर पडतो, हे मी नोकरीत पाहिलं आहे. पण जी सुवार्ता आपणच सांगू शकतो ती अशा माणसाला सांगायला हवी, जो ती नको वाटली तर उठून जायला मोकळा आहे. जखमेला पट्टी बांधून घ्यायला बसलेला माणूस मोकळा नसतो. पुराच्या रांगेतली बाई तर अजिबात नसते.

आता दुसरी तक्रार, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर. पंचगंगेचा पूर आपल्याला नवा नाही. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा तितकंच चढलं. चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं रिकामी झाली. शहरात सुतारवाड्यात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, बापट कॅम्पात पाणी घुसलं. त्या दोन्ही वेळी या शहराने जात-धर्म न बघता भाकरी थापल्या. मठांत, मशिदींत, शाळांत, बोर्डिंगांत लोक राहिले. आपल्या मंडळीच्या बायकांनीही पोळ्या लाटल्या, त्याचा मला अभिमान आहे.

पण २०२१ च्या पुरानंतर एका शाळेत आपल्यापैकी काही उत्साही भावांनी किट वाटली, तेव्हा मी तिथे होते. तेव्हा असा ठराव नव्हता, त्यांनी आपल्या मनानेच केलं. पाणी नुकतंच ओसरलेलं. चिखलीची एक बाई रिकामं पोतं घडी करून काखेत धरून आली होती. साडीला गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. तिला बाकावर बसवलं. माईक लागला, एक गाणं झालं, मग संदेश, मग प्रार्थना, मग ‘ज्यांनी प्रभूला स्वीकारलं त्यांनी हात वर करा’. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “ताई, हात वर केला म्हंजे नाव लिवून घेतात न्हवं? मग किट कवा देनार? सासू एकटीच हाय घरात.” सगळ्यांनी हात वर केले. तिनेही केला. किट हातात देऊन फोटो काढले. ते फोटो नंतर फिरले आणि खाली लिहिलं होतं की अमुक इतक्या आत्म्यांनी निर्णय घेतला.

भावांनो, त्या हाताची किंमत तुम्हाला कळत नसेल असं मला वाटत नाही. मुख्यमंत्री आले असते तर त्यांच्यासाठीही तिने हात वर केला असता. आणि आता तुम्ही हेच नियम म्हणून लिहून ठेवलंत.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण तिच्यावर भर द्यायची माझी इच्छा नाही. घटनेच्या २५ व्या कलमाने आपल्याला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आमिषाच्या आरोपाखाली देशभर आपल्या लोकांवर खटले होतात, त्यातले कितीतरी खोटे असतात, आणि त्यासाठी आपण रडतो. असं असताना धान्याच्या पिशवीसोबत ‘निर्णय’ रकान्याचा फॉर्म छापणं म्हणजे खोट्या आरोपाला खरा पुरावा पुरवणं आहे. पण उद्या कायदा नसता आणि कुणाची भीती नसती, तरी मी याच शब्दांत विरोध केला असता.

कारण हा डाग आपल्या घरातला आहे. १८९६ नंतरच्या वर्षांत दुष्काळ आणि प्लेग एकापाठोपाठ आले. मिशनच्या आश्रमांत अनाथ पोरं आली, वाढली, शिकली. त्यांच्या नातवंडांनाही शाळेत ‘पोटासाठी बाटले’ हे ऐकावं लागलं. माझ्या वडिलांनी ऐकलं, मीही ऐकलं. ज्यांनी त्या पोरांना जगवलं त्यांना मी दोष देत नाही. पण ते टोमणे पुसायला आपल्या तीन पिढ्या शिक्षिका आणि नर्सा झाल्या, रात्रपाळ्या केल्या. ते सगळं तुम्ही एका फॉर्मवर परत आणून ठेवताय.

याच प्रश्नावर महाराष्ट्रात एकदा मोठा वाद झाला होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवांना शिक्षण द्यायचं, धर्माची सक्ती करायची नाही, असं ठरलेलं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार बंद करत नसत, आणि काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक मुलींना पालकांनी काढून नेलं. मी याचा बराच विचार केला आहे. रमाबाईंनी दार लावून घ्यायला हवं होतं असं मला वाटत नाही. आपली श्रद्धा लपवून सेवा करणं त्यांना जमलं नसतं, मलाही जमत नाही. पण रानडे-भांडारकरांची अडचणही खोटी नव्हती. ज्या मुलीचं जेवण, अंथरूण आणि शिक्षण एकाच बाईच्या हातात आहे, ती त्या बाईच्या खोलीत किती आपणहून जाते? एवढं मात्र नक्की की रमाबाईंनी जेवणाचं ताट त्या खोलीत नेऊन ठेवलं नव्हतं. तुमच्या ठरावाने तेच केलंय.

आता पुराच्या किटबद्दल एक बाजूची गोष्ट, राहवत नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी माणसाला शिजवलेलं अन्न लागतं. दहाव्या दिवशी खोरं, खराटा, ब्लिचिंग पावडर, गमबूट, फिनेल, सॅनिटरी पॅड. चिखलात अनवाणी फिरणाऱ्यांना लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. भिजलेली रेशन कार्डं, पंचनाम्याचे अर्ज, बँकेचं पासबुक यासाठी लिहिता-वाचता येणारा एक माणूस. आपण मात्र दर वेळी तांदूळ, तूरडाळ आणि जुने कपडे. २०१९ ला त्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजत पडलेले सगळ्यांनी पाहिले. संदेशाला किती वेळ द्यायचा यावर बैठक लांबली म्हणे. पिशवीत काय घालायचं यावर कुणी बोललं का?

तिसरी तक्रार उलट्या दिशेची आहे, आणि माझ्या बाजूचे समजले जाणारे काही लोक तिच्यामुळे नाराज होतील. धर्मशाळेत नवा व्यवस्थापक आला. खोलीचं भाडं वाढलं, आगाऊ रक्कम आली, आणि वाद नको म्हणून प्रार्थनेची लहान खोली कुलूपबंद झाली. ‘येथे कोणत्याही प्रकारची धार्मिक कृती करू नये’ असा बोर्ड लागला. चंदगडकडचा एक शेतकरी, बायको अतिदक्षता विभागात, रात्री काउंटरवर येऊन विचारत होता, ‘ही मिशनची जागा न्हवं? कोन देवाचं नाव घेनारं हाय का हितं?’ तो हिंदू होता, त्याला धर्म बदलायचा नव्हता. त्याला त्या रात्री सोबत हवी होती. व्यवस्थापकाने बोर्डाकडे बोट दाखवलं.

म्हणजे जिथं माणूस स्वतः विचारत येतो तिथं आपण गप्प, आणि जिथं त्याने विचारलेलंच नाही तिथं माईक लावून बसणार. एकाच समितीने एकाच बैठकीत हे दोन्ही ठरवलं. म्हणून मला हा सुवार्ता मोठी की सेवा मोठी असा वाद वाटत नाही. दोन्हीकडे समोरचा माणूस नजरेआड झाला आहे. एकीकडे आकडा दिसतो, दुसरीकडे भाडं.

आपल्याच परंपरेत याची उत्तरं आहेत आणि ती तुम्ही माझ्यापेक्षा चांगली जाणता. यरुशलेमच्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरबूर झाली, तेव्हा प्रेषितांनी वाटणी बंद केली नाही आणि वाटणीला उपदेशही जोडला नाही. सात माणसं नेमली, आपण प्रार्थना आणि वचनाकडे राहिले. त्या सातांतले स्तेफन आणि फिलिप पुढे मोठे साक्षीदार झाले, पण पंक्तीत वाढताना नव्हे. १९७४ च्या लोझान करारात जगभरच्या इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या ख्रिस्ती, पुढाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं की सामाजिक कार्य म्हणजे सुवार्ताप्रसार नव्हे, तरी दोन्ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्यं आहेत. रेड क्रॉस आणि मदत संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत मदतीचा उपयोग धार्मिक वा राजकीय भूमिका पुढे रेटण्यासाठी करायचा नाही असं आहे, आणि तिच्या मूळ पुरस्कर्त्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या. वायल्डर पतीपत्नी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, शाळा काढल्या. वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ उभारलं. दोघेही मिशनरी होते आणि तसं उघड सांगत होते. या भागातल्या माणसांच्या आठवणीत मात्र शाळा आणि शस्त्रक्रिया राहिल्या. याने वायल्डर किंवा वानलेस यांचं काही कमी झालं असं मला वाटत नाही.

सुवार्ता सभेला माझा विरोध नाही. मंडप घाला, बाहेरगावचे वक्ते बोलवा, रीतसर परवानगी घ्या, ज्याला यायचं तो येईल, मीही येईन. त्यासाठी वेगळं अर्पण घ्या, मी देईन. औषधांच्या पैशातून नको.

माझ्या मागण्या अशा:

१. गळीत हंगाम सुरू होण्याआधी बुधवारचा दवाखाना पूर्ववत सुरू करावा. त्याचं मोजमाप बाप्तिस्म्यांवर नव्हे, पाठपुरावा झालेल्या रुग्णांवर करावं.

२. पुराच्या किटला जोडलेली संदेशाची अट आणि ‘निर्णय’ रकान्याचा फॉर्म लेखी ठरावाने मागे घ्यावा. छापलेले फॉर्म नष्ट करावेत आणि आधी गोळा केलेले मोबाइल नंबर कुणाला देऊ नयेत.

३. मदत घेणाऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढू नये. काढलेले, फिरवलेले फोटो समितीने आपल्या बाजूने उतरवावेत.

४. प्रार्थना सभा घ्यायची तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी, आधी जाहीर करून घ्यावी. तिथे काहीही वाटू नये.

५. धर्मशाळेतली प्रार्थनेची खोली उघडावी, बोर्ड काढावा. कुणी बोलावलं तर येऊन बसेल अशा दोन-तीन जणांचे फोन नंबर काउंटरवर ठेवावेत. त्यांनी बोलावल्याशिवाय कुणाच्या खोलीत जाऊ नये. भाडं पहिल्यासारखं करावं, आणि त्यात तूट आली तर ती मंडळीसमोर मांडावी.

६. सेवाकार्य आणि सुवार्ता यांचे हिशेब वेगळे ठेवून दर तिमाहीला नोटीस बोर्डावर लावावेत. ज्याने औषधासाठी दिलं त्याचा रुपया औषधालाच जावा.

यातली कोणतीही मागणी मान्य नसेल तर कारण लिहून कळवा. मी समितीसमोर येऊन बोलायला तयार आहे आणि महिला मंडळातल्या आणखी काही जणी सोबत येतील.

तोवर एक तातडीचं काम. टोळ्या यायला फार दिवस नाहीत. गाडीच्या डिझेलची सोय आम्ही काही जणींनी केली आहे. मलमपट्टीचं सामान घरात भरलेलं आहे. पण आपले डॉक्टर समितीच्या पत्राशिवाय येऊ शकत नाहीत आणि त्यांच्याशिवाय मी एकटी कुणाला औषध देणार नाही, ते बरोबरही नाही. ते पत्र चिटणीससाहेबांच्या सहीसाठी अडलं आहे. या आठवड्यात सही व्हावी.

आपली बहीण,
मंडळीची एक सभासद, निवृत्त परिचारिका
कोल्हापूर